टीव्ही गेमवरची पेरणी

टीव्हीच्या पडद्यावर ती जुनी गेमची यादी उमटली तेव्हा मी परात हातात घेऊन हॉलच्या दारात उभी होते, आणि बराच वेळ तशीच उभी राहिले. इतकी वर्षं माळ्यावर पडलेला तो डबा. त्याच्यावर जुन्या उशा होत्या, फुटका कुकर होता, कबुतरांनी काय काय केलेलं होतं. आम्ही तो उतरवला तोच मुळी भंगारात द्यायला. सुनेनं इथल्या, हैदराबादच्या कोठी बाजारातून एक नवा अडॅप्टर आणून सहज लावून बघितला, आणि डबा जिवंत. माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? राग आला. घरातलं चालतंबोलतं माणूस एका सकाळी आडवं झालं, आणि ह्या प्लास्टिकला काही झालं नाही.

आमच्या ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. बँकेतून रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली, रोज विद्यापीठाच्या रस्त्यानं फिरायला जाणारा माणूस. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू परत आला, काठी घेऊन न्हाणीपर्यंत जाऊ लागले. बोलणं परत आलं, पण अडकत, एकेक शब्द ओढून काढल्यासारखं. हात मात्र आला नाही. उजव्या हाताची मूठ वळली ती वळलीच. दिलसुखनगरवरून एक फिजिओथेरपिस्ट बाई घरी यायची. तिनं मला स्वयंपाकघरात बोलावून स्पष्ट सांगितलं होतं, की हेच महिने आहेत. आत्ता बोटं उघडायला लागली तर लागली, नाहीतर मूठ अशीच आखडून राहील, कायमची.

आणि हे व्यायाम करायला तयार नव्हते. ती बाई समोर असेपर्यंत मान हलवायचे, ती जिना उतरली की भिंतीकडं तोंड. एका पाहुण्यानं दाबायला स्पंजचा चेंडू आणून दिला होता. यांनी डाव्या हातानं तो बाल्कनीतून खाली फेकला. वॉचमननं आणून दिला, तर परत फेकला.

तर तो टीव्ही गेम. मुलगा लहान असताना घेतलेला. जपानच्या कुठल्या मशीनची चिनी नक्कल होती म्हणे, पण तेव्हा कोण विचारतंय. त्याच्यात पिवळ्या कॅसेट घालायच्या. आम्ही सगळे कॅसेटच म्हणायचो, गाण्याच्या असतात तसं. बँकेतून आले की हे शर्टसुद्धा न काढता मुलाशेजारी बसायचे आणि दोघं मिळून रणगाडे उडवायचे. मी चहा घेऊन उभी असायची आणि माझ्याकडं कुणी बघायचं नाही. मुलगा आता आखातात नोकरीला, सून इथं आमच्याजवळ. ती तेलुगू घरातली. आमच्याशी मराठी बोलते, अडलं की हैदराबादी हिंदी, आणि घाईत असली की तेलुगूच. मला अत्तम्मा म्हणते, ह्यांना मामय्या.

त्या दिवशी तिनं रणगाड्यांची कॅसेट घातली आणि नुसती गंमत म्हणून रिमोटसारखं ते चपटं खेळणं ह्यांच्या मांडीवर ठेवलं. डाव्या बाजूला चार बाण, उजव्या बाजूला दोन लाल बटणं. हे त्याच्याकडं बघत राहिले. मग डाव्या हातानं स्वतःचा उजवा हात उचलला आणि ती बंद मूठ लाल बटणावर नेऊन ठेवली.

मी सुनेकडं बघितलं, सुनेनं माझ्याकडं. तो हात ह्यांनी स्वतःहून कशावर तरी ठेवलेला आम्ही झटक्यानंतर पहिल्यांदा बघत होतो.

पण गेम सुरू झाला आणि संपला. म्हणजे हे समजून घेईपर्यंत रणगाडा फुटला. परत सुरू केला, परत फुटला. गेम तोच, तेव्हाच्याच वेगाचा. ह्यांनी ते मांडीवरून सरकवलं, "नक्को" म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं झालं, संपला विषय, उद्या देते भंगारवाल्याला.

संध्याकाळी चहा घेताना सून म्हणाली, "अत्तम्मा, मामय्यांसाठी हळू गेम बनवू या. याच डब्यावर."

मी हसले. म्हणलं, अगं त्या कंपनीची राखसुद्धा उरली नसेल, कॅसेट कोण बनवणार? तर तिनं फोन पुढं केला. मी चष्मा लावून बघत गेले आणि माझा चहा निवला. जगात ठिकठिकाणी माणसं बसलीत बघा, मोठी माणसं, बायकापोरांची, जी अजून त्या मेलेल्या मशीनसाठी नवे गेम लिहितात. कुणी पैसे देत नाही, कुणी सांगितलेलं नाही. मी तिला विचारलं, ह्या लोकांना घरी काही काम नाही का? ती म्हणाली, असतं हो, म्हणूनच करतात. मला हे आजपर्यंत पूर्णपणे पटलेलं नाही.

सून सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण तिचं काम वेगळं. मोठमोठ्या बँकांचे प्रोग्राम सांभाळते. असलं काही तिनं कधी केलं नव्हतं. आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर बाहेरचं काही घालायला परवानगी नाही. म्हणून सगळं माझ्या लॅपटॉपवर आलं. त्यावर मी माझं आपलं लिहीत असते, शाळेत सातवीपर्यंत गेलेली बाई, टायपिंग नातेवाइकांना मेसेज लिहून लिहून शिकले. त्या लॅपटॉपवर तिनं रविवारी बसून काय काय मांडलं ते मला जसं कळलं तसं सांगते.

गेम आधी माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहायचा. मग एक प्रोग्राम त्याचं त्या जुन्या मशीनच्या बोलीत भाषांतर करतो, तो कंपायलर. मग दुसरा एक सगळे तुकडे जोडून एक फाइल करतो. जोडताना त्याला एक नकाशा द्यावा लागतो, की चित्रं कुठं ठेवायची, हिशेब कुठं, सुरुवात कुठून करायची. तो नकाशा चुकला की पुढचं सगळं चुकलं. मग ती फाइल लॅपटॉपवरच्याच एका खोट्या मशीनमध्ये चालवून बघायची. आणि नीट चालली तर एका छोट्या कार्डावर भरून कार्ड कॅसेटमध्ये घालायचं. अशी कार्ड घालायची कॅसेटही मिळते, तिनं ती ऑनलाइन मागवली होती. या सगळ्या मांडणीला ती टूलचेन म्हणायची. मी म्हणलं, हा तर स्वयंपाकच झाला, निवडणं, दळणं, मळणं, भाजणं. तर म्हणाली, "हौ, पण गॅस दुसऱ्याच्या घरी आहे." म्हणजे शिजवायचं इथं, आणि चालायचं त्या जुन्या डब्यावर.

पहिल्या दिवशी काहीच चाललं नाही. नुसत्या लाल ओळी. दुपारी कधीतरी तिनं मला सांगितलं की मशीनला गेम चालू असताना लक्षात ठेवायला जागा किती असते, दोन किलोबाइट. मला त्याचा अर्थ कळेना. तिनं माझ्या फोनवरचा सकाळचा फुलांचा फोटो दाखवला, सुप्रभात लिहिलेला, आणि म्हणाली की हा एक फोटो त्यात मावणार नाही, याचा कोपरासुद्धा नाही. मी त्या डब्याकडं बघत राहिले. असले फोटो मी रोज सगळ्या नात्यागोत्याला पाठवत होते. आणि ह्या बाप-लेकांनी सगळं बालपण, सगळ्या संध्याकाळी एवढ्याशा जागेत घालवल्या होत्या.

गेम कसला करायचा हे आमचं आधीच ठरलं होतं. मारामारी नको, घाई नको. मीच म्हणलं पेरणी करू. हे उदगीरच्या बाजूच्या गावातले, बँकेत लागेपर्यंत शेतातच वाढलेले. मी मात्र इथली, नामपल्लीच्या मागं जन्मलेली, मला ज्वारी पोत्यातली माहीत. सून म्हणाली तिच्या आजोळीही पेरायचं अवजार असायचं, त्याला गोर्रु म्हणतात, पण तिनं ते गोठ्यात उभं ठेवलेलंच बघितलंय. तर आम्ही दोघी शहरातल्या बायका मिळून पेरणीचा गेम करायला बसलो. बैल पडद्यावरून हळूहळू चालणार, मागं तिफण. डाव्या बाणांनी बैल वळवायचे, उजवं लाल बटण दाबलं की दाणा पडणार. दाणा पडला की तिथं अंकुर. बस्स.

बैल मी काढले. चित्रं ठिपक्यांची असतात, आठ उभे आठ आडवे असे चौकोन, आणि रंग मोजून तीन. सून दोन दिवस कपाळाला हात लावून बसली होती. मी म्हणलं आण इकडं. मी लग्नाआधी दोसूतीवर टाके घालायची, मोर, हरीण, कलश, सगळं चौकटीच्या कागदावरून मोजून. इथं सुईच्या जागी उंदीर, एवढाच फरक. बैलाची शिंगं, वशिंड, शेपूट, सगळं बसवलं. हे खुर्चीतून बघत होते. मी लॅपटॉप फिरवून दाखवला तर बराच वेळ बघितलं आणि शब्द ओढत म्हणाले, "शेळ्या... छान आहेत."

झटक्यानंतरचा त्यांचा तो पहिला टोमणा. मी पदरात तोंड घालून हसले आणि मग शिंगं वाढवली.

सून कामाला गेली की मला घरी करून बघता यावं म्हणून तिनं सगळी मांडणी एका शब्दात बांधून दिली. तो शब्द टाइप करायचा, एंटर मारायचं, की दळणापासून भाजण्यापर्यंत सगळं आपोआप. बैलाचा वेग एका आकड्यात होता, तो बदलायचा असला तर कुठं बदलायचा तेही दाखवलं. दुसऱ्या दिवशी मी एकटीनं बसून आकडा बदलला, एंटर मारलं आणि पडदाभर लाल. मी इतकी घाबरले की लॅपटॉप बंद करून वर टॉवेल टाकला. संध्याकाळी सुनेनं उघडून बघितलं आणि हसत खालीच बसली. मी लॅपटॉपवर कायम मराठीच लिहिते ना, तर मी तिथं आपला मराठी ५ घातला होता. मशीननं असला पाच जन्मात बघितला नव्हता. ती म्हणाली, चिंता नक्को, जपानी मशीन आहे, चिनी नक्कल आहे, त्याला मराठी शिकवायला वेळ लागेल.

खोट्या मशीनमध्ये गेम झकास चालला. बैल चालले, दाणे पडले, हिरवे अंकुर आले. मग कॅसेट आली. सकाळची वेळ, हे आंघोळ करून खुर्चीत बसलेले, सून ऑफिसला निघायच्या तयारीत. तिनं कार्ड घातलं, कॅसेट डब्यात दाबली, बटण लावलं.

पडद्यावर किडे. दुसरा शब्द नाही माझ्याकडं. तुकडे, रेघा, अर्धा बैल वर, अर्धा खाली, सगळं थरथरणारं. मला वाटलं डबा जळला. मला वाटलं कॅसेट फसवी निघाली. पण त्याहून वाईट म्हणजे मी ह्यांच्याकडं बघितलं. ते बघत होते, मग त्यांनी पडद्यावरून नजर काढली आणि आपल्या मुठीकडं बघितलं. इतके दिवस आम्ही दोघी हसतखेळत जे करत होतो ते खेळणं नव्हतं, हे मला तेव्हा लखकन कळलं. हे आता चाललं नाही तर हा माणूस दुसऱ्या कशाला हात लावणार नव्हता. आणि महिने चालले होते.

सुनेनं त्या लोकांच्या गटात जाऊन लिहिलं. ऑफिसात जेवायची सुट्टी व्हायच्या आत उत्तर आलं, कुठल्याशा बर्फाच्या देशातल्या एका माणसाचं, इतकं सविस्तर की आपला सख्खा भाऊ लिहिणार नाही. झालं होतं असं. टीव्ही वरून खाली एकेक ओळ काढत येतो, आणि तळाला पोचला की परत वर जायला त्याला एक क्षण लागतो. चित्रात जे काही बदलायचं ते त्या क्षणातच. तो काढत असताना मधे हात घातला की सगळं फिस्कटतं. खोटं मशीन समजूतदार होतं, चालवून घेत होतं. खरं मशीन घेत नाही. मी ते ऐकून चकितच झाले. सेकंदाच्या कितव्या हिश्शातला तो क्षण, आणि ह्या लोकांनी त्यात गेमच्या गेम बसवलेत.

तिला ते दुरुस्त करायला पुढचे दोन-तीन दिवस लागले. मग शनिवारी सकाळी परत कॅसेट घातली, आणि बैल आले. स्वच्छ. काळ्या रानात पांढरे बैल, माझे टाके मला एकेक ओळखू येत होते. सुनेनं खेळणं ह्यांच्या मांडीवर ठेवलं. ह्यांनी डाव्या हातानं उजवी मूठ उचलून बटणावर ठेवली.

मूठ जड. ती बटणावर पडली ती पडली. बटण दाबलं गेलं आणि एक दाणा पडला, मग दुसरा पडेना. दुसऱ्यासाठी हात उचलून परत दाबायला पाहिजे. तोच तर उचलत नव्हता. बैल आपले रिकामे चालत राहिले. सुनेनं घाईघाईनं लॅपटॉपवर बदल केला, की बटण दाबलेलं असेपर्यंत दाणे पडत राहावेत. तर आता दाण्यांचा पूर आला, थांबेनाच. हे बघत होते. त्यांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता फेकणार.

"उलटं," ते म्हणाले.

सून म्हणाली, काय उलटं मामय्या, बैल उलटे आहेत का? मी लगेच म्हणलं, शिंगं तर मी नीट काढलीत. त्यांनी मान हलवली, नाही, नाही, आणि डाव्या हातानं स्वतःच्या उजव्या मुठीवर टकटक केलं. शब्द येईना. कपाळावर घाम आला. मग डावी मूठ घट्ट वळून हवेत धरली, छातीच्या खाली, आणि तिथून ती हळूहळू सैल सोडत गेले, करंगळीच्या बाजूनं.

"चाड्यावर," ते म्हणाले. "मूठ... दाबली तर दाणा थांबतो. सोडली तर पडतो."

तिफणीला वर लाकडी वाटीसारखं असतं, त्याला चाडं म्हणतात. मागून चालणाऱ्यानं ज्वारीची मूठ त्याच्यावर धरायची, आणि दाणे खाली नळ्यांमधून जमिनीत जातात. मला एवढं ऐकून माहीत होतं. पण कसब बोटं सोडण्यात असतं, बंद मुठीतून धार सारखी सुटली पाहिजे, जास्त सोडली तर गच्च उगवतं आणि आवळली तर रान रिकामं राहतं, हे आम्हा दोघींच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. शहरात काहीही पाहिजे असलं की बटण दाबायचं. आम्ही पेरणीलाही बटण लावून मोकळ्या झालो होतो.

आणि मग दुसरी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली आणि मी पलंगावर बसलेच. फिजिओवाली बाई रोज हेच तर सांगत होती. आवळायला शिकवू नका, आवळायचं त्या हाताला आपोआप येतंय, सोडायला शिकवायचंय.

सुनेची पर्स खांद्याला होती, तिला शनिवारची कसली तरी मीटिंग होती. ती तशीच पर्स घेऊन लॅपटॉपपुढं बसली. मी मागं उभी राहून बघितलं, तिनं फारसं काही केलं नाही, एका जागी दाबल्याचं उलटं करणारं एक चिन्ह घातलं, आणि सोडेल तेवढं पडेल असं काहीतरी पुटपुटत दुसऱ्या जागी दोन ओळी. शब्द टाइप केला, एंटर. कार्ड काढलं, घातलं. कॅसेट दाबली.

आता मूठ बटणावर पडली आणि काहीच झालं नाही. बैल चालले, दाणा नाही. बरोबर होतं ते. मूठ बंद होती. बैल रानाच्या त्या टोकाला गेले, डाव्या हातानं ह्यांनी वळवले, परत आले. रिकामे. परत गेले. रिकामे. सुनेचा फोन वाजत होता, तिनं तो उशीखाली सारला. मी पडद्याला डोळे लावून मनात म्हणत होते, एक दाणा पडू दे, एकच.

पडला. मग थोडं रान सोडून आणखी एक. मग दोन लागोपाठ. मग बैल पार टोकाला जाईपर्यंत धार लागली, वाकडीतिकडी, कुठं दाट, कुठं विरळ, पण धार. पडद्यावर हिरवी ओळ उगवत चालली होती आणि मी तिच्याकडंच बघत होते. मला वाटलं गेममध्ये परत काही बिघडलं, आपोआप पडायला लागलं. मी सुनेला तसं म्हणणारही होते.

तिनं माझं मनगट धरलं आणि तेलुगूत म्हणाली, "चेय्यि चूडंडि, अत्तम्मा." हात बघा.

मी हात बघितला. रोज सकाळी कोमट पाण्याचं फडकं घेऊन त्या हाताची बोटं मीच एकेक करून उचकटायची, आतला घाम पुसायची, नखं रुतू नयेत म्हणून मऊ कापड ठेवायची, आणि माझा हात काढला की ती बोटं परत मिटायची. तो हात बटणाच्या कडेला पडला होता, बटणावरचा दाब सुटला होता, आणि बोटं उघडी होती. पूर्ण नाहीत. अंगठा वर आला होता, पहिली दोन बोटं लांब झाली होती, बाकीची दोन थरथरत मागं येत होती. आतला तळवा दिसत होता, पांढराफटक, सुरकुतलेला, मी ठेवलेलं कापड त्याला चिकटलेलं. कुणी उघडला नव्हता तो. मी इथं उभी होते, सून तिथं.

मी तिथं अशी उभी होते जशी कुणी मला मागून हाक मारावी आणि मागं कुणी नसावं. सून रडत होती की हसत होती मला कळलं नाही. ह्यांना दोघींचीही पर्वा नव्हती. ते हाताकडं बघतसुद्धा नव्हते. त्यांचे डोळे त्या वाकड्या ओळीवर होते, आणि कपाळाला आठी पडली होती.

बैल टोकाला जाऊन थांबले. रान संपलं होतं. पडदा तसाच राहिला.

"पुढचं वावर?" ते म्हणाले.

सून माझ्याकडं बघायला लागली. आम्ही एकच केलं होतं. एवढंसुद्धा पेरून होईल असं दोघींपैकी कुणाला वाटलं नव्हतं. तिनं उशीखालून फोन काढला, ऑफिसला सांगितलं की आज यायला जमत नाही, घरी काम निघालंय, आणि पर्स खांद्यावरून काढून खाली ठेवली.